खुर्चीवरचा स्वेटर

युद्धात नवऱ्याचं जहाज बुडाल्याची तार येऊन तीन आठवडे झाले, तरी ती त्याचा स्वेटर विणतच होती. हातात घेतलेलं काम अर्धवट टाकवत नव्हतं, एवढंच.

रोज सकाळी खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं विणकाम ओलंचिंब सापडायचं. त्याला खाऱ्या पाण्याचा वास यायचा. ती ते पिळायची, शेगडीपाशी वाळवायची आणि पुढे विणायला घ्यायची.

“छप्पर गळतंय गं,” सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणायच्या. महिनाभरात पावसाचा थेंब नव्हता.

काल दुपारी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत असतानाच तिने शेवटचा टाका घातला.

“झाला?” सासूबाईंनी विचारलं.

“झाला.”

आज सकाळी स्वेटर पहिल्यांदाच कोरडा होता. तिने तो उचलून गालाला लावला. कुणीतरी नुकताच अंगातून काढून ठेवावा, तसा तो गरम होता.