महिनाभर डांबरावर

रॉकी जाऊन महिना झाला म्हणून ठेवलेली मीस, चर्चमधली प्रार्थना, आटोपून पाहुणे पांगले, तरी अरशद ओट्याच्या पायरीवरून उठला नाही.

देवबागच्या त्या घरात तो शाळेपासून येत होता. रॉकी आणि तो एकाच वर्गातले. पुढे अरशदनं मालवण बाजारात वडलांचं फरशांचं दुकान सांभाळलं आणि रॉकीनं इथंच चार खोल्यांचं होमस्टे काढलं. वेड दोघांनाही सायकलचं, पण जात वेगळी. अरशदची सायकल बारीक टायरची, नुसत्या डांबरावर पळणारी. रॉकीला जाड टायर लागायचे, सड्यावरचा, त्या उघड्या पठारावरचा, कातळ लागायचा, चिरेखाणींच्या कडेनं जाणाऱ्या पायवाटा लागायच्या.

“डांबरार म्हातारे चलवतत रे,” रॉकी चिडवायचा.

“आणि कातळार बकरे,” अरशद म्हणायचा.

दर डिसेंबरात दोघांची शर्यत लागे. कुडाळ स्टेशनपासून देवबागपर्यंत. अरशद रस्त्यानं, रॉकी सड्यावरून. रॉकीची वाट खडतर, पण जवळची. दोन्हीकडचे सायकलवाले शेवटी बंदरावर जमून ओरडायचे. हरेल त्यानं महिनाभर दुसऱ्याच्या वाटेनं, दुसऱ्याच्याच सायकलवर फिरायचं. ही अट अरशदची, आणि आजवर तोच हरत आला होता. सड्यावर तो इतक्यांदा आपटला की एकदा रॉकीनं त्याच्या हेल्मेटला कोंबड्याचं पीस चिकटवून दिलं होतं.

पण सडा रॉकीलाही सोडत नव्हता. गेल्या पावसाळ्यानंतर तो एका खाणीच्या कडेवरून घसरला. खांदा निखळला. आणखी हातभर सरकला असता तर खाली पाण्यात गेला असता. तेव्हा त्याची बायको सँड्रीना इस्पितळाच्या बाकावर अरशदला म्हणाली होती, “तू सांग तेका. तुझा तरी आयकतलो.”

अरशदनं सांगितलंही. “डांबरार ये रे. जीव तरी वाचतलो.”

रॉकी हसला होता.

यंदा अरशद जिंकला. बंदरावर पोचला तेव्हा तिथं रॉकी नव्हता, यावर त्याचा विश्वासच बसेना. रॉकी बऱ्याच वेळानं आला, सायकल ढकलत. “पंक्चर,” एवढंच म्हणाला आणि अरशदला उचलून त्यानं गरकन फिरवलं. हरलेला माणूस इतका खूश कसा, म्हणून सगळे त्याला हसले.

दुसऱ्याच रविवारी चौक्याच्या वळणावर मागून आलेल्या डंपरनं त्याला उडवलं. सायकल अरशदची होती.

“जेवलंस काय रे?” रॉकीची आई फ्रान्सिस्का बाहेर येऊन विचारत होती. महिन्याभरात ती वाकली होती. मागून सँड्रीना ताटं घेऊन आली. तिला सहावा महिना होता.

“ठेव गो ती. बस तू,” फ्रान्सिस्कानं तिच्या हातातली ताटं काढून घेतली. मग खांबाला टेकून म्हणाली, “माका एकच समाजना नाय. माझो झील डांबरार कित्याक गेलो? जल्मात गेलो नाय थंय.”

महिनाभर ती हेच विचारत होती. सायकलवाल्यांपैकी कुणी सांगितलं नव्हतं.

“मांय, माझ्यामुळे,” अरशद म्हणाला.

आणि त्यानं सगळं सांगितलं. शर्यत, अट, पंक्चर. सायकल आपण स्वतः या अंगणात आणून ठेवली, सीट रॉकीच्या उंचीला बसवून दिली, तेही सांगितलं. बोलताना त्यानं मान वर केली नाही.

फ्रान्सिस्कानं हातातली ताटं खाली ठेवली.

“ऊठ. ह्या घराचो उंबरो परत चडाचो नाय.”

“मांय, आयक...” सँड्रीना म्हणाली.

“तू मधी बोलू नको.” फ्रान्सिस्कानं तिचा हात गच्च धरला. “तू आसस म्हणान मी जगतंय. ह्या घरात आता माझा दुसरा कोण आसा?”

सँड्रीनानं अरशदकडे पाहिलं आणि मान वळवली.

अरशद उठला. फाटकापाशी त्याला मागून पावलं ऐकू आली. सँड्रीना होती. समोर खाडीला ओहोटी लागली होती आणि होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या.

“वयनी, तू तरी गाळी घाल.”

तिनं फाटक धरलं.

“सायकल भंगारात दिलंय. झोप नाय. डोळो लागलो की तोच दिसता.” अरशदचा आवाज फाटला. “माका एकच सांग. मी जिंकलो नसतो तर तो आज जितो असतो. खरां ना?”

सँड्रीनानं ओट्याकडे पाहिलं. फ्रान्सिस्का तिचीच वाट बघत उभी होती.

“खरां,” सँड्रीना म्हणाली.

अरशदनं मान हलवली, जणू त्याला तेवढंच हवं होतं. मग तो रस्त्याला लागला. वळणापर्यंत त्यानं मागं पाहिलं नाही.

सँड्रीना परत येऊन ओट्यावरच्या बाकावर बसली. शेजारी बसून फ्रान्सिस्कानं तिच्या पोटावर हात ठेवला आणि रडू लागली. सँड्रीनाला मात्र रडू आलं नाही. शर्यतीच्या दिवशी पहाटे, याच बाकावर, तिनं रॉकीचा हात गच्च धरून ठेवला होता. “आज हर रे. माझ्यासाठी हर. महिनोभर तरी डांबरार ऱ्हवशीत.” आणि तिच्या कपाळावर ओठ टेकवत तो म्हणाला होता, “बरां गो. हरतंय.”