मामाजींचा ताप

मामाजींचा श्वास अजून सुरळीत चालला होता. अलकनंदाने खाटेवर वाकून नीट ऐकलं, आणि तिला त्या श्वासाचा रागच आला.

त्या थंडीत भरवेलीच्या खाण वसाहतीत घरोघरी फ्लू होता. तिलाही होऊन गेला. अंग ठणकलं, ताप आला, उतरला, तशी ती उठून कामाला लागली. मग सासरे, म्हणजे मामाजी, आडवे झाले. नवरा प्रभाकर लामत्याला नोकरीवर, रविवारी यायचा. घरात हे दोघंच. अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती.

मागच्या थंडीत तिचा गुणाकर असाच तापला होता. चार वर्षांचं पोर. ताप उतरला, पोरगं अंगणात खेळलंसुद्धा, आणि ताप परत चढला. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. ती सासऱ्यांच्या पाया पडली.

"मामाजी, गाडी काढा. याले बालाघाटले नेऊ."

नीळकंठराव खाणीतले निवृत्त हाजरीबाबू. निवृत्तीनंतर घेतलेल्या मोटारसायकलवर त्यांचा फार जीव. रोज सकाळी फडकं घेऊन पुसायचे, तेव्हाही पुसतच होते. मान वर न करता म्हणाले, "काही नाई, फ्लू हाये. हप्त्याभरात उतरते."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या ऑटोत घालून तिने पोराला नेलं, तोवर उशीर झाला होता. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. उतरलेला ताप परत चढला, छातीत दुखू लागलं, धाप लागली, पाणी नकोसं झालं, माणूस गुंगीत राहू लागला, की घरी बसायचं नसतं. लगेच दवाखाना गाठायचा. तिने घरी येऊन ते सगळं मामाजींच्या तोंडावर म्हणून दाखवलं. ते ऐकून घेत होते. एका शब्दाने बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा विखार तिने वर्षभर पोटात वागवला.

आता ती त्याच खुणांची वाट पाहत होती. खुणा दिसल्या की काय बोलायचं, तेही ठरलं होतं. त्यांचंच बोलणं त्यांना परत करायचं.

सेवेत मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. उद्या वसाहतीने नावं ठेवायला नकोत. तापाची गोळी, भाताची पेज, लिंबाचं पाणी, कपाळावर ओली पट्टी, सगळं वेळच्या वेळी. हातपंपावरून भरलेल्या बादल्या आणून आणून तिच्या बरगडीत चमक भरली, तर तिने पदर कमरेला घट्ट आवळला आणि पुन्हा पंपावर गेली. स्वतःच्या जेवणाची तिला आठवणही होत नव्हती. सुडाने पोट भरतं, हे तिला नव्यानेच कळत होतं.

"तू बी घे थोडी पेज," मामाजी वाटी रिकामी करत म्हणाले. "पानी बी नाई पीत तू."

"मले नाई लागत तहान."

"तुयं तोंड लाल दिसते."

"चुलीपुढं बसली होती."

त्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि डोळे मिटले.

दुपारी ते फार खोकले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "सूनबाई, मले दवाखान्यात ने. मले काही ठीक वाटून नाई राह्यलं."

"पाहू," ती म्हणाली. असा गोड शब्द तिच्या तोंडून कित्येक महिन्यांत निघाला नव्हता.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या मैनाबाईने हाक मारली. "कसे हायेत वं बाबूजी? आमचे हे आटो घेऊन बालाघाटले चालले. नेता काय त्यायले?"

अलकनंदा दारात जाऊन उभी राहिली. आतल्या खाटेपर्यंत पोचेल अशा आवाजात तिने उत्तर दिलं, "काही नाई, फ्लू हाये. हप्त्याभरात उतरते."

वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं तिला हलकं वाटलं. इतकं, की दाराची चौकट धरावी लागली.

ती आत आली तेव्हा मामाजींचे डोळे उघडे होते.

"कोन आलतं?"

"कोनी नाई."

"हौ," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाटेजवळच भिंतीला टेकून बसली. जागरणाने डोळे उघडत नव्हते. थंडी अशी, की घोंगडी पांघरूनही जात नव्हती. चुलीवर काही ठेवायचं राहिलं होतं, ते राहूनच गेलं. मधूनच डोळा लागे, मधूनच जाग येई.

अशाच एका गुंगीत तिला धाप ऐकू आली. भरभर, तोकडी, मध्येच अडकणारी. हा आवाज ती जन्मात विसरली नसती. गुणाकरची धाप अशीच होती. अलकनंदा डोळे मिटूनच हसली. आली म्हणायची वेळ. आता त्यांनी गाडी बोलाव म्हणून हात जोडावेत, आणि आपण नुसतं बघत बसावं.

तिने कष्टाने डोळे उघडले.

खाट रिकामी होती. पांघरुणाची नीट घडी घातलेली होती. उघड्या दारातून अंगण दिसत होतं, आणि अंगणात मफलर गुंडाळून नीळकंठराव मोटारसायकल पुसत होते.

धाप मात्र थांबली नव्हती.

तिने उठायला पाहिलं, तर बरगडीत सुरी फिरल्यासारखं झालं आणि ती जमिनीवर कलंडली. "मामाजी... गाडी..." शब्द ओठांच्या बाहेर जेमतेम पडले.

नीळकंठरावांनी वळून पाहिलं. ओठांवर आलेला निळसर रंग, उडणारी छाती, सगळं त्यांनी नीट पाहून घेतलं.

"बाबूजी, उठले वाट्टे तुमी!" कुंपणापलीकडून मैनाबाईचा आवाज आला. "अन् अलकाबाई काहून नाई दिसली आज पंपावर? बरं नाई काय तिले? आटो दारातच उभा हाये."

नीळकंठरावांनी फडकं झटकलं आणि पुन्हा गाडी पुसायला घेतली.

"काही नाई, फ्लू हाये. हप्त्याभरात उतरते."