दुभाषी

शाल अंगावर घातली गेल्यावर चंदर दोंदे माईकसमोर उभे राहिले आणि माईकची दांडी खालीवर करत राहिले.

सायखेड्याच्या समाजमंदिरात शंभरेक माणसं बसली होती. १९९९ सालच्या दसऱ्याची दुपार. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता आणि त्यातच गावच्या चंदरचा सत्कार ठेवला होता. ते नाशिकला कलेक्टर कचेरीत, निवडणूक शाखेत कारकून. पावसाळ्याच्या सुरुवातीला बिनपगारी रजा काढून ते पूर्व तिमोरला गेले होते. इंडोनेशियात राहायचं की वेगळं व्हायचं, याचा कौल तिथले लोक देणार होते आणि ते मतदान पार पाडायला देशोदेशीची माणसं नेली होती. लोकांनी वेगळं व्हायचं ठरवलं. पेपरात चंदरचा फोटो आला. आज त्यांच्या मागच्या फळ्यावर मयूर मास्तरने रंगीत खडूने लिहिलं होतं, 'एका देशाला स्वातंत्र्य देऊन आलेले आपले दादा'.

"दादा, दोन शब्द बोला ना," मयूर हळूच म्हणाला.

चंदरनी मागे वळून फळा वाचला.

"हे पुसून टाक."

मयूरला थट्टा वाटली. पण चंदर तसेच उभे राहिले, तेव्हा त्याने मुकाट्याने डस्टर उचललं.

"माझ्याकडे डोंगरातली चार गावं होती," चंदर बोलू लागले. "त्यांची भाषा मला येत नव्हती. दोमिंगा नावाची एक मुलगी मदतीला होती. तेवीस वर्षांची, शाळेत शिकवायची. मी इंग्रजीत बोलायचो, ती लोकांना त्यांच्या भाषेत सांगायची. वेगळं व्हायला मत दिलं तर गाव जाळू, असं बंदूकवाले रोज धमकावून जायचे. त्यामुळे लोक आम्हाला एकच विचारायचे. मतदान झाल्यावर तुम्ही राहणार की जाणार? मी म्हणायचो, राहणार. ती सांगायची, राहणार."

त्यांनी खांद्यावरची शाल सावरली.

"एका म्हाताऱ्याने हेच तीनदा विचारलं. तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, हे माझे मामा आहेत. खरंच सांगू ना? मी म्हटलं, सांग."

चंदर पुढे सांगू लागले.

"मतदानाला सगळे चर्चला जायचे कपडे घालून आले होते. दिवस उगवायच्या आत रांग लागली. निकाल आला, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या गावातून धूर दिसायला लागला. आम्हाला निघायचा निरोप आला. जीप तयार होती. दोमिंगा म्हणाली, आईला घेऊन येते, अर्धा तास थांबा. घर ओढ्यापलीकडे होतं."

मयूरने पाण्याचा ग्लास पुढे केला. चंदरनी तो हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"किती थांबलास?"

पुढे बसलेल्या भागीबाईंनी विचारलं होतं. त्या चंदरच्या आत्या. आईमागे त्यांनीच चंदरला वाढवलं होतं. भर सभेत त्यांना गप्प बसवायची गावात कोणाची छाती नव्हती.

"वीस मिनिटं, आत्या. गोळ्यांचे आवाज जवळ आले. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, चल."

"तुला कोणी सांगितलं व्हतं का, आताच्या आता निघ म्हणून?"

"नाही. जीपमध्ये साहेब मीच होतो."

"मंग?"

"वळणावरून मागे बघितलं. ती ओढ्यातून येत होती. आईला पाठीवर घेतलं होतं तिनं. मला दिसत होतं. ड्रायव्हरला थांब म्हणायचं होतं... म्हटलं नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "दादा, थांबला असता तर तुम्ही तरी कुठं वाचला असता?"

"असेल तसंच," चंदर म्हणाले. "गेल्या आठवड्यात ऑस्ट्रेलियातून माझ्या सोबत्याचा फोन आला. त्याला तिथल्या पाद्रींकडून कळलं. त्याच रस्त्यावर बंदूकवाल्यांनी गाठून मारलं तिला. आईला सोडून दिलं. आई आता एकटीच आहे त्या गावात."

बायकांच्या रांगेत त्यांची बायको ललिता बसली होती. घरी आल्यापासून यातलं एक अक्षर त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. ओळखीच्या घरात शिरावं आणि आत दुसरीच माणसं राहत असावीत, तशी ती त्यांच्याकडे बघत होती.

भागीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. काठी नव्हती, म्हणून शेजारच्या मुलीच्या खांद्याचा आधार घेतला.

"चंदर, लय लांब हाय का ते?"

"विमानानं दोन दिवस."

"तिच्या आईला जाऊन भेट."

"पुढच्या महिन्यात तिकडे पुन्हा माणसं नेणार आहेत, आत्या. मला बोलावणं आलंय. अजून काही कळवलं नाही मी."

"का रं? भ्या वाटतं का तिचं? दोन शिव्या देईल, नाय तर मारंल. खाऊन घे मार. पण तोंड दाखव तिला."

"माराचं काही नाही."

"मंग काय अडलंय?"

चंदरनी ग्लास टेबलावर ठेवला. खांद्यावरून शाल घसरत होती, तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"जाईन, तिच्यासमोर उभा राहीन. पण बोलू कसं, आत्या? माझं बोलणं त्या माऊलीला कळत नाही. दोमिंगाच सांगायची तिला."