शेगडीची बटणं

मटण धुऊन झालं होतं. गाजरं, बटाटे, सलगम, सगळं मोठं मोठं चिरून ठेवलं होतं. अशा कडाक्याच्या थंडीत दुपारभर मंद आचेवर रटरटणारा, जुन्या पद्धतीचा दाट स्ट्यूच हवा, असं आईने सकाळीच ठरवलं होतं. तिने जाड बुडाचं पातेलं शेगडीवर ठेवलं, काडी ओढली आणि हात बटणाकडे नेला.

बटण नव्हतं. दुसरंही नव्हतं. नुसत्या दोन लोखंडी दांड्या. काडीचा चटका बोटाला बसला तेव्हा ती भानावर आली आणि तिने मुलाला फोन लावला.

"माझ्याकडे आहेत बटणं, ऑफिसात," तो म्हणाला. "चिडू नकोस गं. गेल्या आठवड्यात दूध करपलं ना? तुझ्याच काळजीपोटी काढलीत. उद्यापासून डबा मागवू."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दूध काय कुणाचं करपत नाही? स्वतःच्या स्वयंपाकघरात तिच्यावर पहारा!

तिने हत्यारांच्या पेटीतून पक्कड काढली. काडी पेटवली, दांडी पकडली, दाबून फिरवली. भस्सकन जाळ आला. मग दुपारभर ती तिथून हलली नाही. फेस काढत राहिली, ढवळत राहिली, मिरी भरडताना मुलाला शिव्या घालत राहिली.

संध्याकाळी मुलाला जिन्यातच वास आला. त्याने घाबरून खिसा चाचपला. बटणं होती.

"पक्कडीने?" तो ओरडलाच. "काही झालं असतं म्हणजे?"

"झालं की. स्ट्यू झाला. बस जेवायला."

दोन वाडगे त्याने पावाने पुसून पुसून खाल्ले. आई खुर्चीत बसून बघत होती.

"ही येईलच, तिच्यासाठी गरम करतो," म्हणत त्याने खिशातलं एक बटण दांडीवर बसवलं, गॅस पेटवला आणि आच मोठी केली. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. बोलत बोलत तो गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं.

आधी झाकण खडखडलं. मग रस्सा आटल्याचा चरचर आवाज आला. मग करपल्याचा वास. तिची दुपारभराची मेहनत बुडाला लागत होती. जीव तुटत होता, तरी खुर्चीचे हात घट्ट धरून ती बसून राहिली.

मुलगा धावत आत आला. त्याने गॅस बंद केला, खोकला, खिडकी उघडली.

"आई, तू इथेच होतीस ना? उठून बंद करायला काय झालं होतं?"

आईने तळहात पुढे केला.

"ते बटण काढ आणि दे इकडे. खिशातलंही."

"आई, अगं..."

"चिडू नकोस रे," ती म्हणाली. "तुझ्याच काळजीपोटी."