नेलपॉलिशच्या खुणा

मृण्मयीने थिनरमधून कार्बोरेटरचे सुटे भाग बाहेर काढले आणि कपाळावर हात मारला. कुठला भाग कुठे बसतो हे कळावं म्हणून हौसेने लावलेल्या नेलपॉलिशच्या खुणा पार विरघळल्या होत्या!

"झालं का ब्यूटी पार्लर?" बाबा ओरडले. "भंगारवाला फाटकात उभा आहे. फियाट आत्ता सुरू झाली तर राहील, नाहीतर जाईल."

"बाबा, त्यांना चहा दे ना. मोठा कप!"

खुणा गेल्या, पण एकेक भाग सोडवताना त्याला घातलेल्या शिव्या तिला चांगल्याच आठवत होत्या. हा हट्टी स्क्रू इथला, ही बोट कापणारी चकती त्याच्याखालची. तसंच आठवत आठवत तिने सगळं जोडलं, इंजिनावर बसवलं आणि किल्ली फिरवली.

गाडी खोकली आणि गप्प झाली. मृण्मयीने दात-ओठ खात पुन्हा किल्ली फिरवली. या खेपेला अख्खं अंगण थरथरलं!

"साहेब, चालती गाडी आपण तोडत नाही," भंगारवाला हसत म्हणाला.

बाबा पुढे झाले. वाकून त्यांनी चाकांखालचे दगड एकेक करून काढून टाकले.