खडकातले ठोके

काचेच्या नव्या पायवाटेने टेकडी चढून अनसूयाबाई मुलीबरोबर बंद कोळसा खाणीपाशी पोहोचल्या. खाण कोसळली तेव्हा त्यांचा नवरा आत होता. सगळे जागीच गेले, असं तेव्हा सांगितलं गेलं.

आता तिथे कॅफे होता. खडकात मुरलेले आवाज यंत्राने बाहेर काढून त्यांवर गाणं बसवलं होतं. दोन ठोके, जरा थांबून एक. लोक त्यावर नाचत होते.

बाईंनी चहाचा कप तोंडापासून खाली घेतला. खाणीतून परतल्यावर नवरा दार असंच ठोठावायचा. जिवंत आलो, असा त्याचा अर्थ. त्या आतून तीन ठोके देऊन मगच कडी काढायच्या.

"शालू, केव्हाचा आवाज आहे हा, विचार बरं."

मॅनेजर कौतुकाने म्हणाला, "कोसळल्यानंतरच्या आठवड्याचा, ताई. एकदम ओरिजिनल!"

बाईंनी चहा चकचकीत फरशीवर ओतून दिला.

"माय, चाल इथून," शालू म्हणाली.

"थांब व."

त्यांनी दगड उचलला आणि खडकावर तीनदा ठोकला.

गर्दीने टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "वा आजी! वन्स मोअर!"