उरलेली वायर

सीडी प्लेअर त्याने खोक्यात असा कोंबला, जणू रंगेहाथ पकडलेला चोर पोत्यात भरतोय. उद्या ट्रक निघायच्या आत हे धूड मास्तरच्या दारात नेऊन आपटतो, असं तो बायकोला तिसऱ्यांदा सांगत होता. बायको घेवड्याच्या शेंगा निवडत होती. तिने तिसऱ्यांदाही मान वर केली नाही.

मास्तर म्हणजे जावई. शाळेत विज्ञान शिकवायचा. सासऱ्याच्या तोंडी 'मास्तर' हा शब्द शिवीला लागूनच असायचा. सासरा स्वतः वायरमन. चाळीस वर्षं लोकांच्या घरांत वायरी ओढून निवृत्त झाला, त्या दिवशी जावयाने त्याला हा प्लेअर भेट दिला. घरातले जुने ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर वायरमनने स्वतः जोडले, कारण या घरात वायरीला दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. वायरही फुकटची. कुठल्याशा कामावर उरलेली राखाडी, दोन्ही पदर एकाच रंगाचे. कुठला पदर स्पीकरमागच्या लाल खुंटीला, कुठला काळ्या, हे त्याने बघितलंच नाही. दिव्याच्या वायरी इकडच्या तिकडे झाल्या म्हणून दिवा काही उलटा पेटत नाही.

पण आवाज पहिल्या दिवसापासून भुक्कड. ढोल वाजला की कुणी पुठ्ठ्यावर टिचक्या मारतंय असं वाटे. गायिका तर शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात गात असावी.

वायरमनने कमी खर्चातले सगळे इलाज केले. प्लेअरमधलं भिंग स्पिरिटच्या कापसाने पुसलं. स्पीकर फळीवरून उतरवून खाली जुन्या फरशा घातल्या. मागच्या उघड्या भिंतीवर बायकोची गोधडी टांगली. ती थंडीत कुडकुडली, पण आवाजासाठी माणसाने एवढं सोसायला हवं. प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची केबल तेवढी विकत आणली आणि तिची किंमत आल्यागेल्याला सांगितली. प्रत्येक इलाजाने आवाज जरासा साफ झाला. ढोल मात्र परतला नाही. निष्कर्ष एकच उरला: मास्तरने बनावट माल गळ्यात मारला.

निष्कर्ष घरात ठेवायची त्याला सवय नव्हती. लेकीने नव्या घरात जेवायला बोलावलं, तिथे पाहुण्यांच्या पंगतीत तो म्हणाला, की दुकानदाराने यांना गंडवलं आणि यांनी मला. "असेल, बाबा. बदलून देतो," एवढंच मास्तर म्हणाला आणि आठवड्याच्या आत दुसरा प्लेअर घेऊन आला. तोही तसलाच निघाला. तेव्हा वायरमनने फोन करून विचारलं, की तुम्ही पोरांना नक्की कसलं विज्ञान शिकवता? त्यावर लेकीने नवऱ्याच्या हातातून फोन ओढून घेतला. सात महिने झाले, तिने माहेरी पाऊल टाकलं नव्हतं. फोन यायचा तो आईला. आता मास्तरची बदली दूर, दोन दिवसांच्या प्रवासावर झाली होती, आणि तेही वायरमनला बायकोकडूनच कळलं होतं.

खोक्याला दोरी बांधता बांधता त्याचा हात थांबला. नुसतं खोकं आपटून काय होणार? मास्तर पुन्हा 'असेल, बाबा' म्हणणार. पुरावा हवा. हा भिकार आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहुण्यांसमोर नाही तर निदान हमालांसमोर ऐकवायला हवा. त्याने प्लेअर पुन्हा बाहेर काढून जोडला, डावा स्पीकर रागारागाने पुढे ओढला आणि त्याची वायर मागून निसटली.

स्पीकर फिरवून बघतो तो काय, एका पदराच्या टोकाला लाल टेपचं नीटनेटकं वेटोळं.

"हे कुणी केलं?"

"मास्तरांनी," बायको म्हणाली. "पहिल्याच दिवशी. तुम्ही मिठाई आणायला गेला होतात तेव्हा."

"माझ्या वायरिंगला हात लावला?"

"वायर नाही काढली. म्हणाले, या घरात तो मान बाबांचा. मी खूण करून ठेवतो, त्यांना दिसेलच."

वायरमनच्या कानशिलांतून वाफ निघाली. म्हणजे आठ महिने त्याच्या घरात, त्याच्या स्पीकरच्या पाठीला, शाळामास्तरची लाल खूण. ठीक आहे. तुझ्याच खुणेने लावतो आणि तुझंच तोंड बंद करतो. त्याने टेपवालं टोक लाल खुंटीत घातलं, दुसरं काळ्या. मोबाइल सुरू केला. गाणं लावलं.

ढोल वाजला आणि खिडकीची काच थरथरली. गायिका न्हाणीघरातून निघून थेट दोन स्पीकरच्या मधोमध येऊन उभी राहिली. बायकोच्या हातातली शेंग हातातच राहिली.

त्याने वायर उलटी केली. ढोल गेला. सरळ केली. आला. असं त्याने चार वेळा केलं, आणि दर वेळी जास्तच संतापून. फक्त कुणावर, ते आता त्याला सांगता आलं नसतं. इतके दिवस एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि दोघं मिळून ढोल गिळत होते. मास्तरला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. कळूनही त्याने भर पंगतीत मान खाली घातली होती. कळूनही दुसरा प्लेअर विकत आणला होता.

"तू सांगितलं का नाहीस?" तो बायकोवर खेकसला.

"मला काय कळतंय त्यातलं? मला वाटलं, दिसली असेल. चाळीस वर्षं वायरीच तर बघताय."

त्याने फोन उचलला. पलीकडे खोकी सरकवल्याचा आवाज येत होता.

"मास्तर," तो ओरडला, कारण दुसरा आवाज त्याच्याकडे नव्हता. "बांधाबांध ठेवा तशीच आणि जेवायला इकडे या. तिलाही आणा. नाही, बदलून काही आणू नका. प्लेअर उत्तम आहे. पहिलाही उत्तम होता." त्याने लाल टेपवर अंगठा फिरवला. "वायरमन बदलायला हवा होता."